कौशल्य कुणाच्या चाकरीत? : जनरल फॉन झेंगरची सैनिकी कारकीर्द

१५ फेब्रुवारी १९४४. इटलीतल्या मॉन्टे कासिनो या डोंगरावर सकाळपासून अमेरिकी बॉम्बफेकी विमानांच्या रांगा येत राहिल्या. दोनशेहून अधिक विमानांनी माथ्यावरचा प्राचीन मठ ढिगाऱ्यात बदलून टाकला. संत बेनेडिक्ट यांनी इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापन केलेला हा मठ म्हणजे पश्चिमेकडच्या ख्रिस्ती संन्यासपरंपरेचे आद्यपीठ. त्याच्या भिंतींआड आसऱ्याला आलेले गावकरी शेकड्यांनी मेले. या डोंगराच्या बचावाची जबाबदारी ज्या जर्मन सेनापतीवर होती, तो स्वतः याच बेनेडिक्टाइन संघाचा गृहस्थ सदस्य होता. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, नाझी राजवटीचा मनापासून तिटकारा असलेला, आणि तरीही हिटलरच्या सैन्यात चौदाव्या पँझर (चिलखती) कोअरचे नेतृत्व करणारा हा माणूस म्हणजे जनरल फ्रीडोलिन फॉन झेंगर उंड एटरलिन.

रणगाड्यांच्या युद्धाचा सिद्धान्त मांडणारा म्हणून गुडेरियन प्रसिद्ध आहे, वाळवंटातल्या धडक चढायांसाठी रोमेल. झेंगरचे नाव लष्करी इतिहासात टिकून आहे ते मुख्यतः बचावासाठी. संख्येने आणि शस्त्रांनी वरचढ असलेल्या शत्रूला त्याने डोंगरांच्या आधाराने महिनोन् महिने अडवून धरले. त्याची कारकीर्द वाचताना लष्करी डावपेचांइतकाच आणखी एक प्रश्न समोर उभा राहतो. माणूस विवेकी आहे, आपल्या कामात निष्णातही आहे; पण ते काम एका अमानुष सत्तेच्या पथ्यावर पडत असेल, तर त्याचा हिशेब कसा मांडायचा?

घोड्यावरून रणगाड्यापर्यंत

झेंगरचा जन्म ४ सप्टेंबर १८९१ रोजी बाडेन प्रांतातल्या वाल्ड्सहूट या गावी झाला. ऱ्हाइन नदीच्या काठचे हे गाव. पलीकडच्या तीरावर स्वित्झर्लंड. घराणे कॅथलिक होते आणि धर्मश्रद्धा घरात मुरलेली होती. १९१० मध्ये त्याने तोफखान्यात एक वर्षाची स्वेच्छा सेवा केली. त्यानंतर १९१२ मध्ये तो ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. दोन वर्षे इंग्रज विद्यार्थ्यांबरोबर राहिलेला हा तरुण १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटताच जर्मन गणवेशात त्यांच्याविरुद्ध उभा राहिला.

युद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याला एक लाख माणसांची मर्यादा घातली आणि रणगाडे बाळगण्यास मनाई केली. अधिकाऱ्यांच्या जागा जेमतेम चार हजार. त्यात निवड झालेल्या मोजक्यांपैकी झेंगर एक होता. त्याला घोडदळ मिळाले. पुढची जवळपास दोन दशके त्याने घोडेस्वारांच्या पलटणींत आणि घोडदळाच्या कार्यालयीन कामात घालवली. १९३० च्या दशकात जर्मनीने उघडपणे रणगाडे बांधायला घेतले, तेव्हा नव्या चिलखती दलात अनेक अधिकारी घोडदळातूनच आले. त्यामागे कारण होते. घोडदळाच्या अधिकाऱ्याला पायदळाच्या पुढे दूरवर जाऊन, वरून हुकूम येण्याची वाट न पाहता, समोरची परिस्थिती बघून निर्णय घेण्याची सवय असे. रणगाड्यांच्या युद्धाला हीच सवय हवी होती. झेंगर मात्र या वळणावर उशिरा आला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हाही तो घोडेस्वारांच्या रेजिमेंटचाच प्रमुख होता.

१९४० च्या फ्रान्स मोहिमेत त्याच्याकडे एक वाहनारूढ ब्रिगेड आली. नॉर्मंडीतल्या शेरबुर्ग बंदराकडे झेपावणाऱ्या रोमेलच्या सातव्या पँझर डिव्हिजनला ही ब्रिगेड जोडून दिलेली होती. १९ जून रोजी शेरबुर्ग पडले. फ्रान्सने शस्त्रे खाली ठेवल्यावर झेंगरला इटलीत तुरिनला पाठवण्यात आले. फ्रान्स आणि इटली यांच्यातल्या युद्धबंदीच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगात तो जर्मनीचा मुख्य प्रतिनिधी होता. दोन वर्षांच्या या कामात त्याला इटालियन अधिकाऱ्यांची मने कळली, त्यांच्या सैन्यातले दोष कळले आणि या देशाबद्दल आपुलकीही वाटू लागली. पुढे इटलीत जे घडले त्यात या अनुभवाचा मोठा वाटा आहे.

स्टालिनग्राडच्या वाटेवर

ऑक्टोबर १९४२ मध्ये झेंगरला रशियाच्या आघाडीवर सतराव्या पँझर डिव्हिजनचे प्रमुखपद मिळाले. महिन्या-दीड महिन्यातच, १९ नोव्हेंबरला, सोव्हिएत सैन्याने स्टालिनग्राडभोवती मोठा वेढा आवळायला सुरुवात केली आणि जर्मनीची सहावी आर्मी आत अडकली. तिच्या सुटकेसाठी फील्ड मार्शल मानश्टाइनने १२ डिसेंबरला नैर्ऋत्येकडून चढाई सुरू केली. जनरल होथच्या चौथ्या पँझर आर्मीच्या नेतृत्वाखाली दोन पँझर डिव्हिजन आधी पुढे सरकल्या. तिसरी होती झेंगरची. पण डॉन नदीवर इटालियन सैन्याच्या पाठीशी राखीव फौज म्हणून वरिष्ठांनी तिला अडकवून ठेवले होते. ती होथला मिळाली तेव्हा पहिल्या धडकेचे दिवस निघून गेले होते.

शिवाय ही डिव्हिजन नावापुरतीच पूर्ण होती. आधीच्या लढायांत झिजून तिच्याकडचे चालते रणगाडे मूठभर उरले होते. तरीही तिने कडाक्याच्या थंडीत उघड्या गवताळ माळांवर लढत मिश्कोवा नदी गाठली. वेढ्यातल्या सैन्यापासून होथचे रणगाडे पन्नास किलोमीटरहूनही कमी अंतरावर आले. पण आतून बाहेर पडण्याचा हुकूम सहाव्या आर्मीला मिळाला नाही आणि उत्तरेकडे इटालियन आघाडी कोसळल्याने बाहेरच्या फौजेलाच घेरले जाण्याची भीती निर्माण झाली. नाताळच्या सुमारास माघार सुरू झाली.

या लढायांबद्दल झेंगरला फेब्रुवारी १९४३ मध्ये नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. त्याहून महत्त्वाचा होता तो धडा. रणगाड्यांचे बळ त्यांच्या संख्येत असते, त्याहूनही अधिक ते वेळेवर आणि एकवटून वापरण्यात असते. राखीव फौज कुठे ठेवली आहे आणि ती केव्हा सोडली जाते, यावर लढाईचा निकाल ठरतो. इटलीत झेंगरने हाच विचार बचावासाठी वापरला.

सिसिली, सार्डिनिया, कॉर्सिका

जून १९४३ मध्ये झेंगरची नेमणूक सिसिलीत इटालियन सहाव्या आर्मीचा सेनापती गुझोनी याच्याकडे जर्मन संपर्क अधिकारी म्हणून झाली. १० जुलैला मित्रराष्ट्रांच्या फौजा बेटावर उतरल्या. तिथल्या दोन जर्मन डिव्हिजन एकत्र ठेवून पूर्व भागात एकच जोरदार प्रतिहल्ला करावा, असे गुझोनीला वाटत होते. जर्मन सरसेनापती केसेलरिंगने मात्र एका डिव्हिजनचा मोठा भाग पश्चिमेकडे पाठवला होता. गेलाच्या किनाऱ्यावरचा प्रतिहल्ला तोकडा पडला आणि पाच आठवड्यांनी बेट हातचे गेले.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली. कालचा मित्र एका रात्रीत परका झाला. झेंगर तेव्हा सार्डिनिया आणि कॉर्सिका या बेटांवरच्या जर्मन सैन्याचा प्रमुख होता. सार्डिनियातली फौज अरुंद सामुद्रधुनी ओलांडून कॉर्सिकात आणायची आणि तिथून बास्तिया बंदरामार्गे इटलीच्या मुख्य भूमीवर पोहोचवायची, असे काम त्याच्यापुढे होते. समुद्र आणि आकाश या दोन्हींवर मित्रराष्ट्रांचा दरारा असताना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याने ही माघार पार पाडली. हजारो सैनिक आणि त्यांची बरीचशी अवजड शस्त्रे सुखरूप बाहेर आली.

पण त्या दिवसांतली सर्वांत महत्त्वाची घटना लढाईच्या नोंदींत मावणारी नाही. जर्मनांचा प्रतिकार करणाऱ्या इटालियन अधिकाऱ्यांना पकडले तर गोळ्या घाला, असा हुकूम हिटलरकडून आला. कॉर्सिकात असे सुमारे दोनशे इटालियन अधिकारी झेंगरच्या ताब्यात होते. शरणागतीनंतर आपल्या सरकारचा आदेश पाळणारे हे सैनिक होते आणि युद्धाच्या कायद्यानुसार युद्धकैदी होते. झेंगरने केसेलरिंगशी थेट संपर्क साधून हा हुकूम आपण अमलात आणणार नाही, असे सांगितले आणि त्या कैद्यांना मुख्य भूमीवर रवाना केले. केसेलरिंगने प्रकरण वाढवले नाही. झेंगरवर कोणतीही कारवाई झाली नाही.

याच महिन्यात ग्रीसजवळच्या केफालोनिया बेटावर काय झाले, ते शेजारी ठेवून पाहिले की या नकाराचे मोल कळते. तिथे इटलीच्या आक्वी डिव्हिजनने शस्त्रे टाकण्यास नकार दिला. तिच्या पराभवानंतर जर्मन सैन्याने पकडलेल्या हजारो अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना ठार केले. सैन्य तेच होते, महिनाही तोच आणि हुकूमही त्याच जातीचा. दोन्हीकडच्या निकालांत फरक पडला तो हुकूम हातात आलेल्या माणसामुळे.

रणगाड्यांचा सेनापती, डोंगरांची लढाई

ऑक्टोबर १९४३ मध्ये झेंगर चौदाव्या पँझर कोअरचा प्रमुख झाला आणि १ जानेवारी १९४४ पासून त्याला ‘जनरल डेर पँझरट्रुपं’ म्हणजे चिलखती दलाचा जनरल हा हुद्दा मिळाला. कोअर म्हणजे दोन किंवा अधिक डिव्हिजनांचा समूह. नावात ‘पँझर’ असले, तरी इटलीतल्या या कोअरमध्ये रणगाडे कमीच होते. वाहनातून फिरणाऱ्या पायदळाच्या, म्हणजे पँझर ग्रेनेडियरांच्या डिव्हिजन, साध्या पायदळाच्या डिव्हिजन, आणि पुढे हवाई छत्रीधारी सैनिक अशी तिची घडण लढाईगणिक बदलत गेली.

इटलीचा भूगोल या युद्धाचा खरा सूत्रधार होता. द्वीपकल्पाच्या मधोमध ॲपेनाइन पर्वतरांग. तिच्यापासून दोन्ही समुद्रांकडे धावणाऱ्या नद्या. दक्षिणेकडून रोमला निघालेल्या सैन्याला एकामागून एक नदी आणि एकामागून एक डोंगर ओलांडावा लागे. मोठ्या फौजेला रणगाड्यांसह आत शिरता येईल अशी एकच रुंद वाट होती : लिरी नदीचे खोरे. तिथूनच रोमला जाणारा सहा क्रमांकाचा राजमार्ग जात होता. या खोऱ्याच्या तोंडाशी रापिडो आणि गारी नद्यांचे पाणी आडवे, आणि त्यावर नजर ठेवणारा, पाचशे मीटरहून उंच मॉन्टे कासिनो. जर्मनांनी याच रेषेवर ‘गुस्टाफ लाइन’ उभारली. नदीचे बांध फोडून सखल भाग दलदलीचा केला, सुरुंग पेरले, खडकात आसरे खोदले.

झेंगरच्या बचावाची रीत समजून घेण्यासारखी आहे. डोंगरी युद्धात पुढची रेषा घट्ट भरून ठेवली तर शत्रूच्या तोफा तिचा चुराडा करतात. म्हणून पुढे मोजकी माणसे, उताराच्या मागच्या अंगाला दडवलेली मशीनगनची ठाणी, आणि शत्रूने एखादी जागा घेतलीच तर त्याला पाय रोवायला वेळ मिळण्याआधी लहान तुकड्यांचा तत्काळ प्रतिहल्ला, अशी त्याची मांडणी असे. तो स्वतः पुढच्या ठाण्यांपर्यंत जाऊन जमीन पाहत असे. रशियाच्या सपाट माळावर लढलेले सैनिक डोंगरातल्या थंडीत, खडकांवर फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या कपच्यांत आणि एकटेपणात लवकर खचतात, हे त्याने ओळखले होते. कुठली तुकडी किती दिवस तग धरेल आणि केव्हा बदलायला हवी, याचा अंदाज घेणे हे त्याच्या कामाचे मोठे अंग होते.

१७ जानेवारी १९४४ च्या रात्री ब्रिटिश दहाव्या कोअरने समुद्रालगत गारिल्यानो नदी ओलांडली. तिथली जर्मन डिव्हिजन नवखी होती. धोका ओळखून झेंगरने केसेलरिंगकडे थेट मागणी केली आणि रोमजवळ राखीव ठेवलेल्या दोन पँझर ग्रेनेडियर डिव्हिजन मिळवल्या. आघाडी सावरली. पण २२ जानेवारीला मित्रराष्ट्रांनी रोमच्या दक्षिणेला आन्झिओच्या किनाऱ्यावर फौज उतरवली, तेव्हा तिला अडवायला जवळपास कुणीच नव्हते. झेंगरने मागितलेली कुमक हीच ती रोमजवळची राखीव फौज होती.

याच सुमारास, २० ते २२ जानेवारीच्या दरम्यान, अमेरिकेच्या छत्तिसाव्या डिव्हिजनने रापिडो ओलांडण्याचा प्रयत्न केला. झेंगरच्या पंधराव्या पँझर ग्रेनेडियर डिव्हिजनने तो मोडून काढला. अमेरिकेची दीड हजाराहून जास्त माणसे मेली, जखमी झाली किंवा कैद झाली. आपण केवढा मोठा हल्ला परतवला, याची जर्मन मुख्यालयाला सुरुवातीला पुरती कल्पनाही आली नव्हती.

मठ आणि भारतीय सैनिक

मठाबाबत झेंगरची भूमिका स्पष्ट होती. तिथे सैनिक ठेवायचे नाहीत. मठाभोवती तीनशे मीटरचा पट्टा निषिद्ध ठरवण्यात आला होता. १९४३ च्या नाताळात तो स्वतः तिथे प्रार्थनेला गेला, तेव्हाही त्या उंचीवरून शत्रूची ठाणी न्याहाळणे त्याने टाळले. मठातले ग्रंथ, हस्तलिखिते आणि कलावस्तू हेर्मान ग्योरिंग डिव्हिजनमधले अधिकारी श्लेगल आणि बेकर यांच्या पुढाकाराने आधीच बाहेर काढण्यात आल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. मात्र जर्मन ठाणी डोंगराच्या उतारांवर, मठाच्या अगदी जवळपर्यंत होतीच. खालून चढणाऱ्या सैनिकाला मठाच्या खिडक्यांमागे शत्रूचा डोळा आहे असे वाटणे साहजिक होते.

फेब्रुवारीत या उतारांवर चढाई करण्याचे काम आले चौथ्या भारतीय डिव्हिजनकडे. उत्तर आफ्रिकेत नाव कमावलेली ही डिव्हिजन न्यूझीलंडच्या जनरल फ्रायबर्गच्या कोअरमध्ये होती. तिचे प्रमुख जनरल टकर यांनी समोरून डोंगरावर धडका देण्याला विरोध केला होता. मठावर चालून जायचेच असेल, तर आधी तो जबर बॉम्बफेकीने निकामी करावा, असेही त्यांचे म्हणणे होते. फ्रायबर्गने बॉम्बफेकीचा आग्रह धरला आणि सरसेनापती अलेक्झांडरने संमती दिली.

बॉम्ब पडले, पण त्यापाठोपाठ पायदळाचा मोठा हल्ला झालाच नाही. तयारीच पुरी झाली नव्हती. १७ फेब्रुवारीच्या रात्री राजपुताना रायफल्स आणि गुरखा पलटणींनी खडकाळ, काटेरी उतारांवरून मठाकडे कूच केले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांची भयंकर हानी झाली आणि माथा हाती लागला नाही. तोवर मठ उद्ध्वस्त झाल्याने झेंगरला तो मोकळा ठेवण्याचे कारण उरले नव्हते. छत्रीधारी सैनिक ढिगाऱ्यांत शिरले. धड उभ्या इमारतीपेक्षा ढासळलेल्या भिंती आणि तळघरे बचावाला अधिक सोयीची ठरली. मार्चमध्ये पुन्हा हल्ला झाला, तेव्हा गुरखा सैनिक मठाच्या पायथ्याजवळच्या ‘हँगमन्स हिल’ या सुळक्यावर पोहोचले आणि अन्नपाण्याची टंचाई सोसत कित्येक दिवस तिथे टिकून राहिले. अखेर त्यांना माघारी बोलवावे लागले.

बॉम्बफेकीनंतर ऐंशीकडे झुकलेले मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे उरलेल्या लोकांना घेऊन ढिगाऱ्यातून खाली उतरले. झेंगरने त्यांना आपल्या मुख्यालयात आसरा दिला आणि मठात जर्मन सैनिक नव्हते हे त्यांचे निवेदन ध्वनिमुद्रित करवून घेतले. पुढे रोमच्या वाटेवर नाझी प्रचारयंत्रणेने या थकलेल्या वृद्ध साधूला पुन्हा वेठीला धरले. झेंगरला याचा संताप आला. पण त्यांचे शब्द प्रचाराच्या कामी आणण्याची सुरुवात त्याच्याच मुख्यालयात झाली होती, हेही खरे.

मे १९४४ : मोडलेली आघाडी

११ मे १९४४ च्या रात्री मित्रराष्ट्रांनी चौथा आणि सर्वांत मोठा हल्ला चढवला. त्या क्षणी झेंगर आघाडीवर नव्हता. नाइट्स क्रॉसच्या वरचा ‘ओक लीव्ज’ हा सन्मान स्वीकारण्यासाठी त्याला जर्मनीत बोलावलेले होते. दहाव्या आर्मीचा प्रमुख फॉन फिटिंगहोफसुद्धा जाग्यावर नव्हता. शत्रू समुद्रातून पुन्हा कुठेतरी उतरेल, अशा समजुतीने केसेलरिंगने राखीव फौजा किनाऱ्याजवळ विखरून ठेवल्या होत्या.

आता कासिनो आणि लिरी खोऱ्याचा भाग शेजारच्या कोअरकडे होता. झेंगरची कोअर लिरी नदीपासून समुद्रापर्यंत पसरली होती. लिरीच्या तोंडाशी आठव्या भारतीय डिव्हिजनने गारी नदी ओलांडून पूल टाकले. या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही होती. १२ मे रोजी आठव्या पंजाब रेजिमेंटचा कोवळा शिपाई कमल राम याने मशीनगनची ठाणी एकामागून एक निकामी करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इकडे झेंगरच्या कोअरसमोर जनरल ज्युआँचे फ्रेंच सैन्य होते. त्यात उत्तर आफ्रिकेतले, पहाडात वाढलेले सैनिक मोठ्या संख्येने होते. रस्ते नसलेल्या औरुंची डोंगररांगेतून मोठी फौज येणार नाही, असे धरून जर्मनांनी तिथला बचाव पातळ ठेवला होता. नेमके तिथूनच ज्युआँचे सैनिक खेचरांवर सामान लादून आत घुसले. डोंगरांच्या भरवशावर उभी केलेली आघाडी डोंगरातूनच फुटली. झेंगर १७ मे रोजी परतला. दुसऱ्याच दिवशी पोलिश सैनिकांनी मठाच्या अवशेषांवर आपला झेंडा लावला. ४ जूनला रोम मुक्त झाले.

पुढचे अकरा महिने उत्तरेकडे सरकत जाणाऱ्या माघारीचे होते. या इटालियन मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचे ठाणे जिंकले आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात जखमी साथीदारांना वाचवून शत्रूची ठाणी उडवली. हे दोघे झेंगरच्या कोअरशी थेट भिडले नव्हते. त्यांच्यासमोर त्याच जर्मन आघाडीचे शेजारचे भाग होते. पण झेंगरसारख्या सेनापतींनी लांबवलेल्या युद्धाची किंमत कुठल्या गावांतल्या घरांनी मोजली, ते या नावांवरून कळते.

एप्रिल १९४५ मध्ये आघाडी पूर्ण ढासळली. २१ तारखेला बोलोन्या पडले. झेंगरने आपल्या लोकांसह पो नदी कशीबशी ओलांडली. अवजड शस्त्रांचा मोठा भाग दक्षिण तीरावरच सोडावा लागला. २९ एप्रिलला काझेर्ता येथे इटलीतल्या जर्मन सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या आणि २ मेपासून ती लागू झाली. तिच्या अंमलबजावणीसाठी जर्मन सैन्याच्या वतीने फ्लोरेन्सला जनरल मार्क क्लार्क यांच्यासमोर ४ मे रोजी झेंगर हजर झाला. कासिनोच्या काळात समोरची अमेरिकी पाचवी आर्मी क्लार्कच्याच हाताखाली होती.

हिशेब

तीन वर्षांची कैद, त्यातला काही काळ वेल्समधल्या ब्रिजेंडच्या छावणीत, भोगून झेंगर १९४८ मध्ये सुटला. बोडन्झे सरोवराकाठच्या श्पेट्सगार्ट शाळेत त्याने शिक्षणाचे काम केले आणि वृत्तपत्रांत व आकाशवाणीवर लष्करी विषयांवर लिहिले, बोलले. ऑक्टोबर १९५० मध्ये हिमेरोडच्या मठात माजी अधिकाऱ्यांची गुप्त बैठक झाली. पश्चिम जर्मनीचे नवे सैन्य कसे असावे, याचा आराखडा तिथे तयार झाला आणि झेंगर त्यात सहभागी होता. नव्या सैन्यात वरिष्ठ पदांवर घ्यायच्या माजी अधिकाऱ्यांची पारख करणाऱ्या समितीतही त्याला घेण्यात आले. १९६० मध्ये त्याच्या आठवणींचे पुस्तक आले. ९ जानेवारी १९६३ रोजी फ्रायबुर्ग येथे त्याचे निधन झाले.

आपली बाजू अन्यायाची आहे आणि जर्मनी हरणार आहे, हे आपल्याला ठाऊक होते, असे झेंगरने आठवणींत लिहिले. ही कबुली त्याला अनेक सहकाऱ्यांपेक्षा वेगळे ठरवते. हिटलरला दोष देऊन स्वतः हात झटकणारी पुस्तके जर्मन सेनापतींनी पुष्कळ लिहिली. हिमेरोडच्या आराखड्यातही जर्मन सैनिकांची बदनामी थांबवावी अशी मागणी होती, आणि सैन्याचे हात स्वच्छ होते या समजाला त्यातून बळ मिळाले. तो समज खोटा आहे. इटलीतच सांतान्ना दि स्ताझेमा आणि मार्झाबोत्तो येथे १९४४ मध्ये जर्मन फौजांनी बायकामुलांसह शेकडो लोकांची कत्तल केली.

म्हणून कासिनोच्या बचावाचे कौतुक करताना त्याच्यामागे काय सुरक्षित राहिले, तेही पाहिले पाहिजे. गुस्टाफ लाइन टिकली म्हणून रोम जर्मनांच्या ताब्यात राहिले. त्याच रोममधून १६ ऑक्टोबर १९४३ रोजी पकडलेल्या हजाराहून अधिक ज्यूंना आउशवित्झला नेण्यात आले होते. कासिनोवरची तिसरी लढाई नुकतीच थांबली असताना, २४ मार्च १९४४ रोजी, रोमबाहेरच्या आर्देआतीने खाणींत ३३५ निरपराध माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. यातले काहीही झेंगरच्या हुकमाने झाले नाही. पण अशा कृत्यांना दिवस आणि महिने मिळवून दिले ते आघाडीवरच्या कुशल सेनापतींनी.

झेंगरचा न्याय करायला बाहेरून मोजपट्टी आणण्याची गरज नाही. ती त्यानेच कॉर्सिकात दिली आहे. गुन्हा करायला सांगणारा हुकूम नाकारता येतो, नाकारणारा जिवंत राहू शकतो आणि त्या नकाराने दोनशे माणसांचे प्राण वाचू शकतात, हे त्याने दाखवून दिले. ‘हुकूम होता, काय करणार’ ही केफालोनियातल्या अधिकाऱ्यांची सबब त्याच्या एका कृतीने खोटी पडते. आणि हीच मोजपट्टी लावली, तर ज्या युद्धाला तो स्वतः अन्याय्य मानत होता, ते त्याने अखेरपर्यंत पूर्ण ताकदीने लढावे, याचेही समाधानकारक उत्तर मिळत नाही. एका हुकमाला दिलेला नकार त्याला संपूर्ण चाकरीपर्यंत नेता आला नाही.

पश्चिम जर्मनीने १९५६ मध्ये सैनिकांचा नवा कायदा केला. जो हुकूम पाळल्याने गुन्हा घडेल तो सैनिकाने पाळता कामा नये, असे त्यात स्पष्ट लिहिले. १९४३ मध्ये एका सेनापतीच्या व्यक्तिगत धैर्यावर अवलंबून असलेली गोष्ट आता प्रत्येक शिपायाचे कर्तव्य ठरली. त्याच सैन्यात झेंगरचा मुलगा फेर्डिनांड जनरलपदापर्यंत चढला आणि मध्य युरोपातल्या नाटो फौजांचा सरसेनापती झाला. कौशल्य एखाद्याकडे उपजत असेल किंवा अनुभवाने येईल. ते अन्यायाच्या कामी येऊ नये, यासाठी मात्र एखादा सज्जन सेनापती भेटेल या आशेवर विसंबून भागत नाही. तसा कायदा लागतो, आणि तो शिपायाला पहिल्या दिवसापासून शिकवणारे सैन्य लागते.